आईच्या वहीतली वाटी ग्रॅममध्ये कशी आणायची

जर्मनीत राहणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे. आईने लिहून दिलेली पाककृतींची वही त्यांच्याकडे आहे आणि तिच्यात सगळी मापं वाटीत आहेत. तिथल्या पाककृती ग्रॅममध्ये असतात, इंटरनेटवरच्या बऱ्याचशा अमेरिकन कपात. घरात डिजिटल वजनकाटा आहे. त्यांनी एक वाटी म्हणजे १५० ग्रॅम असं धरून उकडीचे मोदक केले, तर उकड कोरडी झाली आणि पाऱ्या फुटल्या. त्याच हिशेबाने बेसनाचे लाडू केले, तर ते वळलेच जाईनात. एक वाटी म्हणजे नक्की किती ग्रॅम, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, तुमची उकड आणि तुमचे लाडू एकाच कारणाने बिघडले. तुमच्या हाताचा त्यात काहीही दोष नाही. १५० हा आकडा पाण्याचा आहे. १५० मिलिलिटरच्या वाटीत पाणी भरलं तर ते १५० ग्रॅमच भरतं. पण त्याच वाटीत तांदळाची पिठी हलक्या हाताने भरली तर काटा ८५ ते ९५ ग्रॅमच्या मध्ये कुठेतरी थांबतो. वहीत "एक वाटी पिठीला एक वाटी पाणी" असं असेल, तर वजनात त्याचा अर्थ होतो साधारण ९० ग्रॅम पिठीला १५० ग्रॅम पाणी. तुम्ही १५० ग्रॅम पिठी घेतलीत, म्हणजे तिला जवळजवळ २५० ग्रॅम पाणी लागणार होतं, आणि तिच्या वाट्याला आलं १५०. मग पारी फुटणारच.

लाडवांचंही तसंच झालं. दोन वाट्या बेसन, एक वाटी पिठीसाखर, अर्धी वाटी पातळ तूप हे घरोघरचं प्रमाण. १५० मिलीच्या वाटीने दोन वाट्या बेसन म्हणजे सुमारे १३० ते १४० ग्रॅम, आणि अर्धी वाटी तूप म्हणजे ६८ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे तूप वजनाने बेसनाच्या निम्मं पडतं. तुमच्या हिशेबात बेसन झालं ३०० ग्रॅम आणि तूप ७५, म्हणजे बेसनाच्या फक्त पाव. एकच आकडा सगळ्या जिनसांना लावला की दर वेळी पीठ जास्त होतं आणि पाणी, दूध, तूप कमी पडतं. कुणी वाटीचं ग्रॅम करून पदार्थ केला आणि तो कोरडा, भुसभुशीत किंवा दगडासारखा झाला असं सांगितलं, की मी पहिल्यांदा हेच विचारते: सगळ्याला एकच आकडा लावला होता का?

असं का होतं, ते एकदा लक्षात आलं की पुढचं सगळं सोपं आहे. बेसनाचा किंवा मैद्याचा एकेक कण पाण्यापेक्षा जडच असतो, म्हणून तर तो पाण्यात तळाशी बसतो. पण पीठ वाटीत भरताना कणांच्या मध्ये भरपूर हवा अडकते. वाटी भरलेली दिसते, पण तिच्यातली निम्म्याहून जास्त जागा हवेची असते. ती हवा किती असेल हे पीठ किती बारीक दळलंय, चाळलंय का, डब्यात किती दिवस दबून बसलंय आणि तुम्ही वाटी कशी भरता, यावर ठरतं. पाण्यात, दुधात, तेलात अशी हवा नसते. म्हणून द्रवांचे आकडे पक्के असतात, पिठांचे मात्र "अमुक ते तमुक" असेच सांगावे लागतात.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एक प्रयोग करा, मी माझ्या वर्गात नव्या मुलींकडून पहिल्याच दिवशी करून घेते. बेसन घ्या. रिकामी वाटी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. आधी बेसन थेट वाटीत चाळा, शीग झाली की सुरीच्या पाठीने सपाट करा. १५० मिलीच्या वाटीत ५८ ते ६० ग्रॅम भरेल. मग तीच वाटी डब्यात बुडवून भरा आणि सपाट करा: ७० ते ७५. आता वाटी ओट्यावर चार-पाच वेळा आपटा, बेसन खाली बसेल, वर पुन्हा भरा, बोटाने दाबा: ८५ किंवा त्याच्याही पुढे. वाटी तीच, बेसन तेच, वहीतला शब्दही तोच, आणि पहिल्या नि शेवटच्या वजनात जवळपास दीडपटीचा फरक. म्हणून कुणी "एक वाटी बेसन म्हणजे ६५ ग्रॅम" असं छातीठोकपणे सांगितलं, तर वाटी केवढी आणि भरली कशी हे विचारल्याशिवाय त्यावर विसंबू नका.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते.

पहिली गोष्ट, आईची वाटी केवढी आहे ते काढा. आपल्याकडच्या आमटीच्या वाट्या १०० मिलीपासून २०० मिलीपर्यंत कुठल्याही असतात, आणि वही लिहिताना आईच्या डोळ्यांपुढे तिच्या घरातली एक ठरावीक वाटी होती. आईकडे वजनकाटा नसला तरी अडत नाही. फोनवर त्यांना सांगा की एक लिटरची पाण्याची बाटली भरून घ्या आणि त्या वाटीने काठोकाठ ओतत जा, किती वाट्या भरतात ते मोजा. साडेसहा भरल्या तर वाटी साधारण १५० मिलीची, पाच भरल्या तर २०० ची, आठ भरल्या तर १२५ ची. मग तुमच्या घरात तेवढीच वाटी शोधा आणि ती मापाची म्हणून बाजूला काढून ठेवा.

तेवढी वाटी नाही मिळाली तरी घाबरू नका. वहीतली वाटी प्रमाण सांगत असते. एका पाककृतीतले सगळे जिन्नस एकाच वाटीने मोजले तर वाटी लहान असो की मोठी, पदार्थ तोच होतो, फक्त कमी किंवा जास्त. घोळ होतो तो पाककृतीत वाटीबरोबर दुसरं माप असतं तेव्हा. "दोन वाट्या रवा, पाव किलो साखर" किंवा "तीन वाट्या मैदा, एक चमचा सोडा, एक नारळ" असं काही दिसलं, की तिथे वाटीचा खरा आकार कळलाच पाहिजे. अशा ओळींखाली वहीत पेन्सिलने रेघ मारून ठेवा.

दुसरी गोष्ट, आई वाटी कशी भरते ते विचारा. पिठाच्या डब्यात वाटी बुडवून काढते की चमच्याने घालते? शिगोशीग की सपाट? बऱ्याच घरांत पीठ शिगेने आणि साखर सपाट असा रिवाज असतो, आणि तो वहीत कधीच लिहिलेला नसतो, कारण लिहिणारीला तो सांगायची गोष्टच वाटत नाही. शिगेची वाटी सपाट वाटीपेक्षा सहज पाव हिश्श्याने जास्त भरते. पसरट वाटी असेल तर त्याहूनही जास्त.

तिसरी गोष्ट, आता त्या वाटीने, त्या पद्धतीने तुमच्या घरातला एकेक जिन्नस एकदाच भरा, वजन करा आणि वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. हे एका दुपारचं काम आहे. नंतर गुणाकार-भागाकारापलीकडे काही उरत नाही. तीन वाट्या रवा म्हणजे तीन गुणिले तुमचा रव्याचा आकडा. उलट, एखाद्या पाककृतीत ४०० ग्रॅम मैदा असेल तर ४०० भागिले तुमचा मैद्याचा आकडा, इतक्या वाट्या.

ताडून बघायला माझे आकडे देते. १५० मिलीची वाटी, सपाट, न दाबता. चहाची साखर १२५ ते १३०. पिठीसाखर ७५ ते ८०. मैदा ७५ ते ८०, कणीक त्याच आसपास. बारीक रवा १०५. तांदूळ १२० च्या जवळपास, तूरडाळ आणि हरभराडाळ तेवढीच किंवा थोडी जास्त. साबुदाणा ९५. कच्चे शेंगदाणे ९०. खवलेलं ओलं खोबरं न दाबता ५०. दूध १५५, दहीही जवळजवळ तेवढंच. तेल आणि पातळ केलेलं तूप १३७ च्या आसपास. मध २१० च्या पुढे, कारण तो पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड असतो. तुमचा आकडा यापासून पाच-सात टक्के इकडेतिकडे झाला तर तुमचाच धरा. वीस टक्के वेगळा आला तर वाटीचा आकार किंवा भरण्याची पद्धत वेगळी आहे, पुन्हा बघा.

या यादीतली साखर आणि पिठीसाखर शेजारी ठेवून बघा. दळल्यावर साखरेच्या वजनात काहीच फरक पडत नाही, पण ती जागा फार व्यापते. एक वाटी साखर मिक्सरमधून काढली की दीड वाटीच्या वर पिठीसाखर होते. म्हणून "एक वाटी साखर दळून" आणि "एक वाटी दळलेली साखर" यांत १२५ ग्रॅम विरुद्ध ७८ ग्रॅम इतकं अंतर आहे. वह्यांमध्ये नुसतंच "साखर १ वाटी" असतं आणि कृतीत खाली कुठेतरी "पिठीसाखर मिसळून" असं येतं. लाडू गोडमिट्ट होण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे. नारळीपाकाच्या किंवा रव्याच्या पाकातल्या लाडवांना साखर अख्खी मोजायची, बेसनाच्या लाडवांना बहुतेक घरांत दळून मोजतात. तुमच्या आईला हे नक्की विचारून घ्या. आणि एकदा ग्रॅममध्ये लिहिलंत की हा प्रश्न कायमचा मिटतो, कारण दळण्याआधी आणि दळल्यावर वजन एकच.

भाजणीचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण दिवाळीत तो येणारच. चकलीच्या भाजणीत तांदूळ, हरभराडाळ, उडीदडाळ, मूगडाळ असतात. ही सगळी धान्यं वाटीला साधारण सारख्याच वजनाची भरतात. त्यामुळे "चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभराडाळ, एक वाटी उडीदडाळ" याचं सरळ "४०० ग्रॅम, २०० ग्रॅम, १०० ग्रॅम" केलंत तरी चकलीला कळत नाही. पण काही घरी भाजणीत पोहेही घालतात. तिथे जपा. जाडे पोहे तांदळाच्या साधारण निम्म्या वजनाचे असतात आणि पातळ पोहे त्याहून हलके. एक वाटी पोह्यांच्या जागी तांदळाच्या हिशेबाने १०० ग्रॅम पोहे घातलेत तर ते दुप्पट होतील आणि भाजणीचा तोल जाईल. धने आणि जिरेही धान्याहून हलके, तेही वेगळे मोजून लिहा. नंतर भाजणी मळताना पाणी वाटीला वाटी असं लिहिलेलं असेल, तर उकडीचाच नियम: आधी भाजणीची वाटी वजन करून घ्या, पाणी मिलीत मोजा.

तांदळाच्या पिठीबद्दल एक सूचना. तिकडच्या आशियाई दुकानांत मिळणारं थाई तांदळाचं पीठ ओलं दळून वाळवलेलं असतं. ते आपल्या पिठीपेक्षा खूप मऊ आणि हलकं असतं आणि उकडीत वेगळं वागतं. भारतीय दुकानातून पिठी आणलीत तर माझे आकडे चालतील. थाई पीठ वापरणार असाल तर त्याची वाटी वेगळी मोजा आणि पहिल्यांदा अर्ध्याच प्रमाणात उकड काढून बघा.

आता कपाकडे वळू. कप हे माप अमेरिकेत घट्ट रुजलं ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, बॉस्टनच्या कुकिंग स्कूलच्या फॅनी फार्मर यांनी "सपाट भरलेला कप, सपाट भरलेला चमचा" असा आग्रह धरला तेव्हापासून. अमेरिकन कप २३७ मिलीचा, तिथल्या पोषणमूल्यांच्या लेबलवर तो सरळ २४० धरतात. ऑस्ट्रेलियाचा कप २५० चा. जपानमध्ये २०० चा, आणि राइस कुकरबरोबर जो प्लास्टिकचा पेला येतो तो १८० मिलीचा. त्या पेल्याने अमेरिकन केक मोजणारे लोक मला नेहमी भेटतात. भारतात जे मापाच्या कपांचे संच मिळतात ते बहुतेक २४० किंवा २५० चे असतात, पाणी भरून वजन केलंत की एका मिनिटात कळतं.

अमेरिकन पाककृती ग्रॅममध्ये आणताना मी हे आकडे धरते: एक कप मैदा १२० ते १२५, एक कप साखर २००, एक कप लोणी २२७, एक कप दूध २४५, एक कप तेल २१८. मैद्याबाबत मी १२० वरच थांबते. पिशवीत कप खुपसून भरला तर १४० ते १५० ग्रॅम मैदा येतो, आणि दोन कप मैद्याच्या केकमध्ये म्हणजे ६० ग्रॅमपर्यंत जास्तीचा. तेवढ्याने केक वर फुटतो आणि दुसऱ्या दिवशी घशाखाली उतरत नाही. अमेरिकन पाककृतीत "एक स्टिक बटर" असेल तर ते ११३ ग्रॅम, म्हणजे अर्धा कप. आपल्याकडच्या १०० ग्रॅमच्या लोण्याच्या वडीला एक स्टिक समजू नका, सात टेबलस्पूनच भरतात त्यात. एक मोठं अंडं कवचाशिवाय ५० ग्रॅम.

चमच्यांचं थोडक्यात: टीस्पून ५ मिली, टेबलस्पून १५ मिली, फक्त ऑस्ट्रेलियात टेबलस्पून २० चा. घरातला चहाचा चमचा यांपैकी कशाशीच जुळेल असं नाही. मापाचे चमचे विकत घ्या, स्वस्त असतात.

आणि चमच्याने मोजायच्या गोष्टी चमच्यानेच मोजा, हे माझं ठाम मत आहे. स्वयंपाकघरातला पाच किलोचा काटा एक ग्रॅमचा फरक दाखवतो असं म्हणतात खरं, पण दोन ग्रॅम सोडा त्यावर चिमटी-चिमटीने टाकत गेलात तर तो बराच वेळ हलतच नाही, आणि मग एकदम तीनवर जातो. हळद, सोडा, यीस्ट, वेलचीपूड यांसाठी तो काटा कामाचा नाही. वजन माहीत करून घ्यायचंच असेल तर दहा सपाट चमचे एकत्र वजन करा आणि दहाने भागा. हळदीचा टीस्पून ३ ग्रॅमच्या आसपास येईल, जिऱ्याचा २ ग्रॅमच्या थोडा वर, कोरड्या यीस्टचा ३, बेकिंग पावडरचा ४ ते साडेचार, बारीक मिठाचा ६. फराळाच्या मोठ्या ऑर्डरी करताना मला हे आकडे लागतात, कारण चाळीस चमचे मोजताना विसरायला होतं. घरच्या चार माणसांच्या स्वयंपाकाला त्यांची गरज नाही.

मीठ मात्र वेगळं काढून सांगायला हवं. बारीक मिठाचा टीस्पून ६ ग्रॅम, पण अमेरिकन पाककृतीत जे कोशर मीठ (जाडसर दाण्यांचं मीठ) असतं त्याचा चमचा कंपनीप्रमाणे ३ ग्रॅमपासून ५ ग्रॅमपर्यंत कितीही असतो. तिथल्या पाककृतीतला "दोन चमचे मीठ" आपल्या बारीक मिठाने घातलात तर पदार्थ दुप्पट खारट होऊ शकतो. लोणच्यात याच्या उलट होतं. पाककृती बारीक मिठाच्या वाटीवर लिहिलेली आणि तुम्ही जाड मीठ वाटीने घातलंत, की मीठ कमी पडतं आणि कैरीला बुरशी येते. लोणच्याचं मीठ म्हणूनच मी नेहमी वजनावर घेते, कैरीच्या फोडी वजन करून. चव नंतर बघता येत नाही आणि टिकणं सगळं मिठावर असतं.

गूळ मी वाटीने मोजतच नाही. ढेपेतून चिरलेला, किसलेला, पावडरीचा, चिकीचा, प्रत्येकाची वाटी वेगळी, आणि चिरलेल्या गुळात खड्यांच्या मध्ये केवढ्या पोकळ्या राहतात ते वाटीकडे नुसतं बघूनही कळतं. पुरणपोळीला आई "डाळीइतका गूळ" म्हणत असेल तर कच्ची डाळ वजन करा आणि तेवढ्याच वजनाचा गूळ घ्या. शिजलेल्या डाळीइतका घेऊ नका, डाळ पाणी पिऊन फुगलेली असते. गोड कमी हवं असेल तर तीन-चतुर्थांश. ओल्या खोबऱ्याचंही तेच: "एक नारळ" असं लिहिलं असेल तर आईला विचारा की त्या नारळाच्या किती वाट्या खोबरं निघतं, आणि तिकडे गोठवलेलं खोबरं वापरत असाल तर ते पूर्ण वितळवून, पाणी निथळून मग वजन करा.

तेलाबाबत एक गोष्ट भारतातल्या वाचकांसाठी, कारण ती थेट पैशाची आहे. एक लिटर तेल म्हणजे एक किलो नव्हे, साधारण ९१० ग्रॅम. पिशवीवर ते छापलेलं असतं. बाजारात १५ किलोचा डबाही मिळतो आणि १५ लिटरचाही, आणि लिटरच्या डब्यात किलोच्या डब्यापेक्षा जवळजवळ एक किलो साडेतीनशे ग्रॅम तेल कमी असतं. भाव विचारताना किलोचा की लिटरचा, हे आधी विचारा. शिवाय तेल तापलं की फुगतं, म्हणजे तेवढ्याच लिटरमध्ये वजन कमी भरतं. सोयाबीन तेलाचं एक लिटर २१ अंश सेल्सिअसला ९१९ ग्रॅम असतं, ६० अंशांना ८९३ च्या आसपास. काही उत्पादक लेबलवर असं जास्तीचं तापमान लिहून लिटर पुरं करत होते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२२ मध्ये खाद्यतेल कंपन्यांना सांगितलं की तापमानाचा उल्लेख काढा आणि लिटरबरोबर वजनही छापा. म्हणून मी तेलाच्या दोन पिशव्यांची तुलना नेहमी ग्रॅमवर करते.

तुमच्या वहीत आजीच्या काळची पानं असतील तर त्यांत शेर, पावशेर, नवटाक, पायली अशी मापं सापडतील. तिथे एक खाच आहे. शेर वजनाचाही होता आणि धान्य मोजायच्या मापाचाही, आणि दोन्ही एक नव्हेत. वजनाचा ८० तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, त्याचा पावशेर २३३ ग्रॅम, नवटाक ११७ च्या आसपास. मापाचा शेर म्हणजे पायलीचा चौथा हिस्सा, त्याच्याखाली मापटं, चिपटं असं निम्मं-निम्मं होत जातं, आणि ही मापं गावोगावी वेगळी असायची. साधारणपणे तूप, साखर, गूळ शेरात असेल तर ते वजन, आणि तांदूळ, डाळी पायली-मापट्यात असतील तर ते माप असं समजून चाला. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर किलो-ग्रॅम आले, तरी लोकांनी पावशेर हा शब्द २५० ग्रॅमला चिकटवून टाकला. म्हणून पान कुठल्या काळात लिहिलं आहे ते आधी बघा. प्रमाण सगळीकडे एकाच शेरात असेल तर मात्र आकडेमोड करू नका: वजनाचा शेर असेल तर एकेका शेराच्या जागी शंभर ग्रॅम घ्या, मापाचा असेल तर वाटी घ्या, आणि करा.

काय ग्रॅममध्ये आणायचंच नाही, तेही सांगते. फोडणी, रोजची भाजी, आमटी, कोशिंबीर, पोहे, उपमा यांच्यावर काटा चालवू नका. साबुदाणा भिजवताना पाणी "वर बोटभर" म्हणतात, तेच बरोबर आहे, कारण प्रत्येक साबुदाणा वेगळं पाणी पितो. कणीक मळतानाही पाणी हातावरच ठरवा, नव्या-जुन्या गव्हाची कणीक सारखं पाणी घेत नाही. पण उकड, पाकातले लाडू, चकली, अनारसे, नानकटाई, केक, पाव, लोणची यांच्यात एका वस्तूचं दुसरीशी नातं नेमकं असावं लागतं. वही ग्रॅममध्ये आणायला बसाल तेव्हा तेवढीच पानं घ्या, बाकीची आहेत तशीच राहू द्या.

शेवटी तुमच्या जर्मन पाककृतींसाठी दोन-तीन आकडे, कारण तिथे ग्रॅम असले तरी पाकिटांची भाषा असते. "एक पाकीट बेकिंग पावडर" म्हणजे साधारण १५ ते १६ ग्रॅम, आणि ते ५०० ग्रॅम मैद्याला पुरतं, म्हणजे आपल्या साडेतीन टीस्पूनच्या जवळपास. कोरड्या यीस्टचं पाकीट ७ ग्रॅमचं, तेही ५०० ग्रॅम पिठाला. व्हॅनिला साखरेचं ८ ग्रॅमचं. तिथला मोठा चमचा १५ मिली आणि छोटा ५ मिली, आपल्या मापाच्या चमच्यांसारखेच. तिथलं ४०५ क्रमांकाचं गव्हाचं पीठ मैद्याच्या जागी चालतं. नानकटाई आणि शंकरपाळे करून बघा, पण त्या पिठाची वाटी आधी एकदा वजन करून घ्या.